पंचनाम्यात गिरणी लिहिली का?

कोयनानगरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

जुलै 2021 मधला तो पाऊस आपल्या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही. मिरगाव, ढोकावळे, आंबेघरला दरडी कोसळल्या, माणसं गेली. बाकी कितीतरी घरांत ओढ्याचं पाणी शिरलं. विमा कुणाचा होता? मोटारसायकलचा तेवढा, तोही कायद्यानं काढावाच लागतो म्हणून. घराचा नाही, धंद्याचा तर नाहीच. मग राहते सरकारी मदत.

त्या ऑगस्टमध्ये सरकारनं मदत जाहीर केली. कुटुंबाला 10 हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुभत्या जनावराला 40 हजार. दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, पण 50 हजारांच्या आत. टपरीवाल्याला 10 हजारांच्या आत. मात्र रेशनकार्ड हवं, मतदार यादीत नाव हवं आणि दुकान किंवा टपरी नोंदलेली हवी.

इथंच आपण अडकतो. आमच्या गटातल्या एकीची पडवीत पिठाची गिरणी. मोटर चिखलात बुडाली. पंचनाम्याला माणसं आली तोवर तिनं सगळं धुऊन, पुसून घेतलेलं. बाईमाणूस, चिखल किती दिवस बघणार? कागदावर आलं, ‘घरात पाणी, धान्य व भांड्यांचे नुकसान’. गिरणीचं नावच नाही. मालकांनी न वाचता सही केली. हसू नका, आपल्यातल्या किती जणी वाचून सही करतात? दहा हजार मिळाले, ते मोटर दुरुस्तीतच गेले. नंतर विचारायला गेली तर म्हणाले, गिरणीचा कागद कुठाय?

कागद नव्हताच. पापड, शिलाई, गिरणी, शेळ्या, घर आपल्यावर चालतं. पण आपण त्याला धंदा म्हणत नाही, मग सरकार तरी कसं म्हणेल?

म्हणून आम्ही यंदा पावसाआधी उद्यम नोंदणी करून घेतोय. आधार कार्डावर होते, सरकार तिचे पैसे घेत नाही. सेवा केंद्रवाला फॉर्म भरायचे घेईल, तेवढेच द्या. ग्रामपंचायतीतही धंद्याची नोंद करून दाखला मागा. मशीनचा फोटो आत्ताच काढून लेकीच्या, बहिणीच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, आपला भिजला तरी तिथं राहील. पाणी शिरलंच, तर आधी फोटो, मग झाडू. पंचनामा मोठ्यानं वाचून घ्या. एखादी वस्तू राहिली असेल तर सहीआधी लिहायला लावा.

आणि आकडे पाठ करू नका. दर पुराला सरकार नवा निर्णय काढतं. 2019 च्या महापुरात गावाकडच्या कुटुंबाला 10 हजार आणि शहरातल्याला 15 हजार होते. त्या वर्षीचा निर्णय काय, ते तलाठ्याकडे विचारायचं.

ती गिरणीवाली आता गटाच्या बैठकीत सगळ्यांचे कागद तपासते. पुढच्या बैठकीला येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि लाइटचं बिल आणा.