पिवळी सुई



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. हॉस्पिटल चालवणारी बाई म्हटलं की सगळ्यांना गळ्यात स्टेथोस्कोप दिसतो. मी याच चिंचपोकळीत वाढले. बाबा गिरणीत बदली कामगार होते. 1982 चा गिरणी संप झाला तेव्हा मी सातवीत होते. बारावी होताच एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागले.

तिथली एक रात्र सांगते. अकराच्या सुमारास वॉर्डातल्या सिस्टर धावत खाली आल्या. "पिवळी सुई द्या, लवकर!" सलाइनच्या सुयांना नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मोठ्या माणसाला गुलाबी, वीस नंबरची चालते. तान्ह्या बाळाला पिवळी लागते, चोवीस नंबरची. गुलाबीचे खोके छताला टेकलेले होते आणि पिवळी एकही नव्हती. मागणीचा कागद तीन दिवस माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. जुलाबांनी सुकलेलं बाळ वर, आणि त्याची आई जिन्याच्या पायरीवर, बाळाचं टोपरं मुठीत घट्ट धरून. वॉर्डबॉय रस्त्यापलीकडच्या दुकानातून सुया घेऊन आला. बाळ वाचलं. त्या आईला मात्र काहीच कळलं नाही, आणि मी तिला काही सांगितलंही नाही.

हॉस्पिटलचा कारभार म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

याचं उदाहरण जवळच आहे. परळला, आचार्य दोंदे मार्गावर, बाई जेरबाई वाडिया मुलांचं हॉस्पिटल आहे. तुमच्यातल्या कितीजणांचा केसपेपर तिथे निघाला असेल! 1926 साली शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, ते गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची सोय व्हावी म्हणून. मग 1929 साली मुलांचं हॉस्पिटल आलं. आई आणि लेकरू दोघांचा विचार तेव्हा झाला होता.

त्या हॉस्पिटलचा कारभार सांभाळणाऱ्या डॉ. मिनी बोधनवाला मूळच्या दंतवैद्य. दातांच्या डॉक्टरबाई मुलांचं हॉस्पिटल चालवतात, याचं नवल वाटेल. मला वाटत नाही. 2014 साली तिथे शरीरानं जोडलेल्या दोन जुळ्या बहिणींना शस्त्रक्रियेनं वेगळं केलं गेलं. सर्जनांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण पुढे कित्येक वर्षं त्या मुली हॉस्पिटलातच वाढल्या. त्यांना जेवू कोण घालणार, वाढदिवस कोण करणार, ताप आला तर रात्री कुणाला हाक मारायची? हे कुठल्याच ऑपरेशनच्या यादीत नसतं. कुणीतरी खुर्चीत बसून त्याची तजवीज करावी लागते.

आणि पैसा. 2020 च्या जानेवारीत अनुदान थकल्यामुळे वाडियातले उपचार बंद पडायची वेळ आली. कामगार रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं. त्या दिवसांत मी दुसऱ्या हॉस्पिटलात होते, पण मला झोप लागत नव्हती. कारण मुलांच्या हॉस्पिटलात काटकसर कुठे करणार? औषधाचा जवळजवळ प्रत्येक डोस वजनावर ठरतो. दोन किलोच्या बाळासाठी सगळंच वेगळं, सगळंच लहान. नर्सही जास्त लागतात, कारण दुखतंय कुठे हे बाळ सांगत नाही.

मुलींनो, मुलांनो, तुमच्यातल्या कुणाला गणित आवडतं, कुणाला यादी करायला आवडते, कुणी गणपतीत मंडळाचा हिशेब चोख ठेवतो. मला अशी माणसं हवी आहेत. मनापासून सांगते, चांगला सर्जन मिळतो, पण चांगला स्टोअरकीपर शोधताना माझी वर्षं गेली. बारावीनंतर हॉस्पिटल व्यवस्थापनाचं शिक्षण घेता येतं. मी ते रात्रीच्या वर्गांना बसून घेतलं, पस्तिशीत.

आजही दर सोमवारी मी स्वतः स्टोअरमध्ये जाते आणि पिवळ्या सुयांचे खोके मोजते. स्टोअर सांभाळणारा आमचा आताचा मुलगा हुशार आहे, चुकत नाही. तरी मोजते.

मुख्याध्यापिका बाई, बक्षिसांची वेळ झाली. पुढच्या रांगेतली बालवाडी पेंगायला लागली आहे, त्यांची बक्षिसं आधी देऊ या.