लाव्हा रंगवताना उजेड कुठून येतो?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "दादा, पाच महिने पॉकेटमनी साठवून ड्रॅगन घेतलाय. त्याला लाव्हारसावर उभा करायचाय, पण हातच धजत नाहीये. बिघडला तर?" भीती खरी आहे. ही मॉडेल्स आपल्याला महाग पडतात, दुसरं घेऊ म्हणणं सोपं नसतं. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी, आणि अशा सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट, ड्रॅगन बेसला चिकटवूच नका. बेस वेगळा रंगवायचा. आणि त्याआधी जाड पुठ्ठ्याच्या गोल तुकड्यावर सराव करायचा. पुठ्ठा बिघडला तर बिघडला, ड्रॅगन सुरक्षित.

आता मुख्य मुद्दा. एरवी आपण काय करतो? खाचेत गडद रंग, उंचवट्यावर फिकट. चिलखत असो, अंगरखा असो, हाताला तीच सवय. लाव्हारसात हे बरोब्बर उलटं होतं, कारण इथे उजेड वरून पडत नाही, खाचेतूनच बाहेर येतो. हवाईमधला लाव्हा बाहेर पडतो तेव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस गरम असतो आणि पिवळसर केशरी दिसतो. हवा लागली की वरचा थर आधी थंड होतो. मग केशरी, मग लाल, आणि शेवटी काळी खपली. म्हणजे सगळ्यात खोल तिथे सगळ्यात उजळ, आणि सगळ्यात वर काळं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

आता हाताने करू. कॉर्कची शीट घ्या, कापू नका, हाताने तोडा. तुकडे थोडी फट सोडून चिकटवा. फटींमध्ये फेव्हिकॉल ओता, म्हणजे तळ वितळल्यासारखा गुळगुळीत होईल. रात्रभर वाळू द्या. मग सगळ्यावर पांढरा प्रायमर. पांढराच का? कारण पिवळा रंग पारदर्शक असतो, काळ्यावर मारला तर मळकट हिरवट दिसतो.

फटीत पातळ पिवळा द्या, मधोमध जवळजवळ पांढरा राहू दे. मग कडेकडे केशरी, आणि दगडाला टेकतो तिथे लाल. दगड सगळ्यात शेवटी. ब्रशवरचा रंग टिश्यूला पुसून, कोरड्या ब्रशने दगडाच्या माथ्यावर काळा फिरवा. फटीत जाऊ देऊ नका.

आणि हा काळा नुसता काळा नको. यासाठी यूट्यूब नको, घाटात जा. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर. वेरूळची लेणी याच दगडात कोरलीत. तो बेसॉल्ट नीट बघा. निळसर करडा, कुठे गंजासारखी तांबूस झाक, मध्येमध्ये बारीक भोकं. काळ्यावर थोडा करडा, एखाद्या ठिकाणी तपकिरी, इतकंच.

शेवटचा टप्पा ड्रॅगनचा. त्याच्यावर उजेड पडलेला दिसला नाही, तर तो आगीवर नाही, रंगीत चटईवर उभा वाटतो. कुठे रंग द्यायचा? मी एक युक्ती वापरतो. त्या जागी मुंगी बसलीये असं समजा. तिला तिथून लाव्हा दिसेल का? दिसेल, तर केशरी. पोट, पंजाची खालची बाजू, पंखाचा आतला भाग, इथे दिसेल. पाठीवर नाही दिसणार, तिथे हात लावू नका. रंग अगदी पातळ ठेवा, दोनतीन वेळा द्या, आणि वर जाताना कमी करत न्या. अंगावरचा उजेड लाव्हारसापेक्षा कधीच उजळ होऊ द्यायचा नाही.

तर मित्रा, या रविवारी फक्त पुठ्ठा. तो हातभर लांब धरून बघ. गरम वाटला, तर बेस घे. ड्रॅगन तोवर डब्यातच राहू दे, तो कुठे पळत नाही. फोटो पाठव, आम्ही वाट बघतोय. भेटू पुढच्या भागात!