रोपांना उन्हाची सवय

श्रोतेहो, गादीवाफ्यावर हिरवीगार डोलणारी टोमॅटोची रोपे परसात लावावीत, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी माना टाकाव्यात, असे पुष्कळांच्या घरी घडते. गेलेले रोप म्हणजे गेलेला महिना! मग आपण उन्हाला बोल लावतो. पण वाफ्यावर सावली होती, दोन वेळा पाणी होते. रोपाला उन्हाची सवयच नव्हती, त्याला ते तरी काय करणार?

ही सवय लावणीपूर्वी ८ दिवस लावायची. वाफ्यावरची सावली आधी सकाळी तासभर काढा, मग रोज वेळ वाढवीत न्या. पाणी एकदम तोडू नका. दोन पाण्यांतले अंतर वाढवा. दुपारी रोपे किंचित मलूल झाली आणि सायंकाळी सावरली, तर भिऊ नका. अशा रोपाची वाढ मंदावते, पण पानावरचा मेणासारखा थर जाड होतो आणि पानातले पाणी कमी उडते.

टोमॅटोचे रोप ४ आठवड्यांचे, वांग्याचे ५-६ आठवड्यांचे झाले की काढा. आदल्या सायंकाळी वाफा भिजवा, म्हणजे मुळे मातीसकट निघतील. लावणी ऊन उतरल्यावर करा. टोमॅटोचे खोड थोडे खोल गाडले तरी चालते. त्याला मुळे फुटतात. लागलीच पाणी द्या, ३-४ दिवसांनी आंबवणी.

आणि गुरुजी, शाळेच्या बागेत दोन ओळी लावा: एक ऊन दाखविलेल्या रोपांची, दुसरी सावलीतल्या. मुलांना रोज मोजू द्या. धडा आपोआप होईल.