बेकारभत्त्याचे मासिक आकडे: ते काय सांगतात, काय झाकतात?

(अनुवादक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर मराठीत आणणाऱ्या आपल्यासारख्यांना एक वाक्य वरचेवर भेटते: "गेल्या महिन्यात बेकारभत्ता मागणाऱ्यांची संख्या इतक्या हजारांनी घटली." अंक छापायला जाण्याची वेळ झालेली असते, मथळ्याला जागा थोडी असते, आणि या वाक्याचे 'बेकारी घटली' असे रूपांतर सहज हाताखालून निघून जाते. परंतु ही दोन विधाने समानार्थी नाहीत. त्यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात लक्षावधी कामगार स्त्रीपुरुष दिसेनासे होऊ शकतात. त्या अंतराचाच आज विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून ब्रिटन घेऊ. सक्तीच्या बेकारी विम्याची राष्ट्रीय योजना १९११ च्या कायद्याने प्रथम त्याच देशात आली, आणि दरमहाचा आकडा हा तीव्र राजकीय वादाचा विषयही तेथे झाला.

आवक आणि जावक

प्रथम हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. महिन्यातील एका ठरावीक दिवशी भत्त्यावर किती माणसे आहेत, याची मोजदाद होते. हौदातील पाण्याची पातळी मोजावी, तसा हा प्रकार आहे. पातळी ठरते ती नव्याने आलेले अर्ज आणि बंद झालेले अर्ज यांच्यावरून. उन्हाळ्यात शाळा संपवून बाहेर पडलेली मुले येतात आणि हिवाळ्यात बांधकामे थंडावतात. असे हंगामी चढउतार वजा करून आकडा प्रसिद्ध केला जातो. येथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध आहे.

प्रश्न जावकेचा आहे. अर्ज बंद होण्याचे एक कारण काम मिळणे हे खरेच. परंतु भत्त्याची मुदत संपली, माणूस आजारीपणाच्या भत्त्यावर गेला, निवृत्तीच्या वयाचा झाला किंवा अधिकाऱ्याने त्याला अपात्र ठरविले, तरीही अर्ज बंदच होतो. हौदाची पातळी खाली जाते आणि मंत्री सभागृहात समाधान व्यक्त करतात.

अटींचा इतिहास

१९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशी अट होती की, आपण 'खरोखरीच काम शोधीत आहोत' हे बेकारानेच सिद्ध करावे. ज्या गावात एकमेव गिरणी बंद पडली होती तेथेही कामगाराला दारोदार हिंडून नकार गोळा करावे लागत. ही अट १९३० मध्ये रद्द झाली. परंतु लगेच १९३१ मध्ये भत्त्याच्या दरात कपात झाली, विम्याचा हक्क संपलेल्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी सुरू झाली आणि विवाहित स्त्रियांच्या दाव्यांवर खास निर्बंध आले. मुलाला चार शिलिंग मिळू लागले म्हणून बापाचा भत्ता कापला जाई. बापाला काम मिळालेले नसेच.

१९८० च्या दशकात याच गोष्टीला सांख्यिकीचे रूप आले. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोजण्याची पद्धत बदलण्यात आली. तोवर काम मागण्यासाठी नाव नोंदविणारे मोजले जात. आता केवळ भत्त्याचे दावेदार मोजले जाऊ लागले. या एका बदलाने सुमारे १ लाख ९० हजार नावे आकड्यातून गळाली. जिला काम हवे होते, परंतु लग्नानंतर कमी वर्गणी भरण्याचा पर्याय घेतल्यामुळे भत्त्याचा हक्क नव्हता, अशी स्त्री त्या दिवसापासून हिशेबातून बाहेर पडली. १९८३ मध्ये साठीच्या पुढच्या पुरुषांना हजेरी देण्याची आवश्यकता नाही असे ठरले आणि सुमारे १ लाख ६० हजार पुरुष वगळले गेले. १९८८ मध्ये १८ वर्षांखालील बहुतेक मुलामुलींचा हक्क काढून घेण्यात आला. १९७९ पासून असे सुमारे तीस बदल झाल्याची मोजणी तेथील अभ्यासकांनी केली आहे, आणि त्यांतील बहुतेक बदलांचा परिणाम आकडा खाली आणण्याचा होता.

१९८४-८५ च्या संपानंतर कोळसाखाणी एकामागून एक बंद झाल्या. तरी खाणपट्ट्यांतील नोंदलेली बेकारी त्या प्रमाणात वाढलेली दिसली नाही. शेफील्डच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याचा माग काढला, तेव्हा असंख्य खाणकामगार आजारपणाच्या व अपंगत्वाच्या भत्त्यावर ढकलले गेल्याचे आढळले. पुढे १९९६ मध्ये वर्गणीवर आधारित भत्त्याची मुदत बारा महिन्यांवरून सहावर आली. अखेर १९९८ पासून तेथील सांख्यिकी खात्याने घरोघरच्या पाहणीवर आधारलेला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार काढलेला दर मुख्य मानला.

उलट दिशेची चूकही संभवते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०२० च्या मार्च ते मे या काळात ब्रिटनमधील दावेदार सुमारे १२ लाखांवरून २७ लाखांच्या आसपास गेले, परंतु पाहणीतील बेकारीचा दर ४ टक्क्यांच्या जवळपासच राहिला. कारण नव्या एकत्रित भत्त्याच्या नियमांमुळे अत्यल्प कमाई असलेले कामगारही दावेदारांत मोजले जात होते. आणि ज्यांचे काम थांबले होते, पण ज्यांच्या वेतनाचा मोठा भाग सरकार भरत होते, ते पाहणीत कामावर धरले जात होते. तात्पर्य, नियम बदलला की आकडा बदलतो, मग खरी बेकारी कोणत्याही दिशेने जात असो.

आपल्याकडे

भारतात सर्वांसाठी बेकारभत्ता नाही. राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. दुसरीत सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस मिळे. अर्ज मात्र ज्याने कामावरून काढले त्या मालकामार्फत पाठवावा लागे! २०२० च्या टाळेबंदीनंतर ही अट काढली गेली आणि दर ५० टक्के झाला. त्यापूर्वीच्या महिन्यांत अर्ज तुरळक होते म्हणून बेकार तुरळक होते, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात, आणि त्यानंतर २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात, मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याची तरतूद झाली. प्रत्यक्षात तो क्वचितच वाटला गेला. कारण साधे आहे. मागणीची तारीख घातलेली पावती नसेल तर १५ दिवस मोजायचे कोठून? शिवाय राष्ट्रीय कायद्यात हा भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यावयाचा होता, म्हणून पावती न देण्यातच कारभाराची सोय होती. रकान्यात शून्य पडते, आणि त्या शून्याचा अर्थ 'मागणी नाही' असा लावला जातो.

म्हणून, मित्रहो, असा आकडा टेबलावर आला की चार गोष्टी तपासाव्यात. अर्ज किती आले? मंजूर किती झाले आणि पैसे किती जणांच्या हाती पडले? मुदत संपून किंवा अपात्र ठरून किती बाहेर गेले? आणि मागील आकड्यानंतर नियम बदलला आहे काय? उत्तर न मिळाल्यास निदान मथळ्यात 'भत्ता मागणारे घटले' एवढेच लिहावे. एका शब्दाची जागा अधिक लागेल, ती संपादकांकडे मागून घ्यावी. ज्याचा भत्ता बंद झाला आहे आणि काम मिळालेले नाही, असा कामगार आपला अंक वाचतो. त्याची बेकारी घटल्याचे त्याला आपण सांगू नये.