हजरत याकूब (अ. स.) : एका पित्याचे ईमान



मुलांच्या तालीम-तरबियतीचा विषय निघाला की आपण बहुधा मुलांनाच उपदेश करीत बसतो. आज मी प्रथम पालकांशी बोलणार आहे, आणि त्यासाठी एका पित्याचे चरित्र आपल्यापुढे ठेवणार आहे. हे पिता म्हणजे हजरत याकूब अलैहिस्सलाम. हजरत इब्राहीम यांचे नातू, हजरत इसहाक यांचे पुत्र आणि हजरत यूसुफ यांचे वडील. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही समाजांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात त्यांची हकीकत विस्ताराने आली आहे, तर कुरआन शरीफात ती मुख्यत्वे बाराव्या, १११ आयतींच्या सूरह यूसुफमध्ये आहे. ही सूरह आपण हजरत यूसुफांच्या हकीकतीसाठी वाचतो. एकदा ती त्यांच्या वडिलांकडे लक्ष ठेवून वाचावी, अशी माझी आपणास विनंती आहे.

पैगंबरांचे घर म्हणजे तेथे हेवेदावे नसणार, असे आपल्याला वाटते. पण याकूबांना बारा मुलगे होते आणि थोरल्यांच्या मनात एक सल होता. वडिलांना आपल्यापेक्षा यूसुफ आणि त्याचा धाकटा भाऊ अधिक प्रिय आहेत, असे ते म्हणत. बायबल सांगते की, वडिलांनी यूसुफला एक खास झगा करून दिला होता आणि तो भावांच्या डोळ्यांवर आला. कुरआन शरीफात त्या झग्याचा उल्लेख नाही. तेथे दोष आहे तो भावांच्या मत्सराचा. तरीही आपण पालकांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलांचे मन फार बारीक हिशेब ठेवते. “तुझ्या भावाकडे बघ, त्याला किती गुण मिळाले,” हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ज्याला ते ऐकावे लागते, तो ते विसरत नाही.

पुढची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. भावांनी यूसुफला विहिरीत टाकले आणि त्याच्या सदऱ्याला खोटे रक्त लावून, त्याला लांडग्याने खाल्ले असे सांगत ते रडत घरी आले. बायबलमधील याकूब तो झगा पाहून मुलगा गेला असेच समजतात. कुरआन शरीफातील याकूब मात्र फसत नाहीत. ही गोष्ट तुमच्या मनाने रचलेली आहे, असे ते मुलांना तोंडावर सांगतात, आणि त्यानंतर सब्र करतात, तोही ‘सब्र-ए-जमील’, म्हणजे सुंदर सब्र.

या सब्रचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. सब्र म्हणजे खोट्याला खरे मानणे नव्हे. सब्र म्हणजे दुःख न होणे, असेही नाही. याकूब इतके शोकाकुल झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले. बायबलमधील वयांचा हिशेब केला तर ही ताटातूट सुमारे २२ वर्षांची होते. एवढ्या काळात या पित्याने खोटे बोलणाऱ्या मुलांना घराबाहेर काढले नाही. किती दिवस यूसुफसाठी झुरणार, असे मुलांनी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, माझ्या दुःखाचे गाऱ्हाणे मी अल्लाहजवळ करतो. आणि लगेच त्याच मुलांना त्यांनी कामाला लावले. जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीबद्दल निराश होऊ नका, असे सांगितले. गाऱ्हाणे अल्लाहकडे आणि काम मुलांकडे, ही त्यांची रीत होती. आपल्या घरांत पुष्कळदा याच्या उलट घडते. मुलांचे गाऱ्हाणे आपण शेजारी-पाजारी, पाहुण्यांसमोर करतो आणि मुलांशी मात्र बोलणे टाकतो.

त्यांनी मुलांवर आंधळा विश्वास टाकला, असेही नाही. दुष्काळात धान्यासाठी मिसरला जाताना मुलांनी धाकट्या भावाला बरोबर मागितले, तेव्हा याकूबांनी यूसुफची आठवण करून दिली. अल्लाहला साक्षी ठेवून त्यांच्याकडून पक्के वचन घेतले आणि मगच त्याला सोपविले. शहरात सर्वांनी एकाच दरवाजाने शिरू नका, हेही बजावले. पण अल्लाहच्या हुकमापुढे माझी ही खबरदारी चालणार नाही, हेही सांगितले. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे यावरून दिसते. ज्याने एकदा विश्वासघात केला, त्याच्याकडून वचन घेऊन पुन्हा जबाबदारी देणे, यालाच मी पित्याचे ईमान म्हणतो.

पालकहो, परीक्षेत नापास झालेला, फीचे पैसे उडवलेला किंवा शाळेला दांडी मारून खोटे बोललेला मुलगा अनेक घरांत असतो. त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण “तू माझा मुलगाच नाहीस,” हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी हजरत याकूबांचे घर आठवा. यूसुफचा खोट्या रक्ताचा सदरा ज्यांनी घरी आणला, पुढे यूसुफचा खरा सदरा मिसरहून घेऊन येण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. तो चेहऱ्यावर टाकताच पित्याची दृष्टी परत आली. याकूबांनी त्या मुलांना घरातून तोडले असते, तर ही खबर घेऊन कोण आले असते?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. ते भाऊ एका दिवसात खोटे बोलले, पण ते खोटे त्यांना वर्षानुवर्षे वाहावे लागले आणि त्याची झळ म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांना लागली. अखेर त्यांनी चूक कबूल करून, आमच्यासाठी अल्लाहकडे माफी मागा, अशी वडिलांना विनंती केली. वडिलांनी ती मान्य केली. तेव्हा चूक झाली तर बाहेरच्यांच्या तोंडून कळण्याआधी स्वतः आई-वडिलांना सांगा. जितका उशीर, तितके ओझे अधिक.

शेवटी आणखी एकच प्रसंग सांगतो. बायबलनुसार याकूब शेवटची १७ वर्षे मिसरमध्ये राहिले आणि १४७ वर्षांचे होऊन वारले. सूरह बकरामध्ये त्यांच्या अंतकाळाचा उल्लेख आहे. मुले भोवती जमलेली असताना त्यांनी गुराढोरांची किंवा मालमत्तेची चौकशी केली नाही. माझ्यानंतर तुम्ही कोणाची इबादत कराल, एवढेच विचारले. ज्या मुलांनी एकदा घर उद्ध्वस्त केले होते, तीच मुले, आपल्या बापजाद्यांच्या त्या एका अल्लाहची, असे उत्तर देण्यासाठी त्या बिछान्याशी होती. आपण मुलांसाठी घर बांधतो, आखातात वर्षानुवर्षे राबून शिक्षणाचा खर्च करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण आपल्या अखेरच्या वेळी आपला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी न घाबरता आपल्याजवळ येऊन बसेल, असे घर आपण राखतो आहोत काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

अल्लाहतआला आम्हां पालकांना याकूबांचे सब्र आणि आमच्या मुलांना खरे बोलण्याची हिंमत देवो. आमीन.