सायकलला हात का लावू देत नाही?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "तुम्ही रोडबाईकवाले सायकलच्या बाबतीत एवढे हळवे का?" तर एक प्रसंग सांगतो.

गळीत हंगाम चालू होता. पारगावला, भीमाशंकर साखर कारखान्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो. ट्रॅक्टरला वाट द्यायला एका बाबांनी माझी सायकल उचलून भिंतीला टेकवली, पण उजव्या अंगाला, म्हणजे गिअरच्या बाजूने. मी ओरडलोच, "हात लावू नका!" बाबा गप्प झाले.

आता बघा, मागचा डिरेलर एका छोट्या हँगरवर लटकतो. हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात. धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. पण तो वाकलेला राहिला आणि चढावर सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन टाकली, तर डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो. चाक जागीच अडकतं. आणि मागून उसाची ट्रॉली येत असेल तर? भीती ती आहे, रंग खरवडण्याची नाही.

हे मी बाबांना दाखवलं, माफीही मागितली. ते हसले. त्यांच्या दारात शर्यतीचे बैल. म्हणाले, "आरं, आमच्या बैलाला परक्यानं हात लावला तर मलाबी खपत नाय. पण आधी सांगायचं, मग वरडायचं!"

तेव्हापासून सायकल मीच टेकवतो, डाव्या अंगाला. निघताना मागून एकदा बघतो, डिरेलर चक्रीच्या रेषेत सरळ आहे ना. आणि कुणी मदतीला आलं, तर आधी सांगतो.

भेटू पुढच्या भागात!