सहा तारा, दोन गावं
(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची आम्हा दोघांना सवय नाही. एकाचा जन्म नोकरीत गेला, दुसरीचा शाळेत मुलांना गणित शिकवण्यात. तरी आज उभे आहोत, कारण मंडळाच्या मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि सुटला नाही. बुधवारी संध्याकाळी आपला हॉल गिटारच्या वर्गाला द्यावा का? काहीजण म्हणाले, पेटी-तबल्याच्या वर्गाला आता चारच मुलं येतात, तिथे हे आणखी कशाला? काहीजण म्हणाले, गिटार शिकायचीच तर घरी एकट्याने शिकवणी लावावी, घोळक्यात कुणी वाद्य शिकतं का? शेवटी अध्यक्ष म्हणाले, "म्हातारपणी गिटार घेऊन बसलेत ते दोघं, त्यांनाच विचारा." म्हणून हा घाट.

आमचं घर देवासला, लेक दिली धारला. मधे इंदूर, म्हणजे एकूण शंभरएक किलोमीटर. दीड वर्षापूर्वी आमच्या अकरा वर्षांच्या नातीने धारला गिटारचा वर्ग लावला. मुंज सागर तलावाच्या बाजूला एका घराच्या वरच्या खोलीत बारा मुलं बसतात. तिच्याशी फोनवर बोलायला काही विषय हवा, म्हणून आम्हीही देवासला एक गिटार आणली आणि एका तरुण शिक्षकांची शिकवणी लावली. आठवड्यातून एकदा घरी येतात, दोघांना मिळून एक तास. म्हणजे धारला वर्ग आणि देवासला शिकवणी, असं आपोआपच ठरलं.

आधी वाद्याबद्दल थोडं, कारण पुष्कळांना ते परकं वाटतं. गिटारला सहा तारा. शेजारच्या दोन तारांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी सा ते शुद्ध मध्यम एवढं असतं. फक्त एका जागी, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमध्ये, ते सा ते शुद्ध गंधार एवढं आहे. दांडीवर पडदे असतात, एक पडदा पुढे गेलं की अर्धा स्वर चढतो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तिथे त्याच तारेचा वरच्या सप्तकातला स्वर मिळतो. सा, शुद्ध ग आणि प एकदम वाजवले की झाली मेजर कॉर्ड. गंधार कोमल केला की मायनर. पेटीवर बसलेल्या कुणालाही हे अर्ध्या तासात कळेल. पेटीसारखीच याचीही अडचण अशी की पडदे पक्के, म्हणून मींड सहज निघत नाही. त्यावरही आपल्या लोकांनी वाट काढली. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर पट्टी सरकवत राग वाजवले. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारचीच मोहन वीणा केली आणि 1994 साली त्यांना ग्रॅमी मिळालं. तेव्हा गिटार आली म्हणून आपलं संगीत घराबाहेर जाईल, ही भीती आम्हाला खरी वाटत नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या दिवाळीत नात देवासला आली. फराळ झाल्यावर म्हणाली, "आजी, आबा, चला, मिळून वाजवू." एकच गाणं, तीन कॉर्डचं. आम्ही दोघांनी ते आठ महिने घोटलं होतं. आमची प्रत्येक कॉर्ड स्वच्छ वाजायची, शिक्षक खूश होते. पण बरोबर वाजवायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीत आम्ही मागे पडलो. बोट चुकलं की आम्ही थांबायचो, नीट लावायचो, मग पुढे. तोवर नात दोन ओळी पुढे. शेवटी वैतागून म्हणाली, "आबा, तुम्ही थांबता कशाला? चुकलं तर चुकलं, पुढचं धरा ना!"

ती न थांबता वाजवत होती हे खरं. पण जवळून ऐकलं तेव्हा लक्षात आलं की तिच्या निम्म्या तारा बोलतच नव्हत्या, नुसत्या खटखट करत होत्या. आणि एफ नावाची कॉर्ड आली की ती हात हलवायची, पण तारा छेडायचीच नाही. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात अशी ती कॉर्ड, नवशिक्यांचा घाम काढणारी. आम्ही विचारलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, "वर्गात सगळे वाजवतात, त्यात माझं नाही वाजलं तर कळत नाही. मला नाहीच येणार. मी सोडणार आहे." बोटांची टोकं लाल झालेली. आईला तिने सांगितलं नव्हतं, कारण हट्टाने गिटार घेतली होती.

खरं सांगायचं तर त्या रात्री आमच्याही मनात आलं, सोडू दे, पेटी शिकेल. पण दुसऱ्या दिवशी आमचे शिक्षक आले, त्यांच्यासमोर तिला बसवलं. त्यांनी एफ वाजवायला लावली, दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, "बाबूजी, उंगली नहीं, अंगूठा देखिए." तिचा अंगठा दांडीवरून वर आलेला होता, त्यामुळे पहिलं बोट सरळ टेकतच नव्हतं. अंगठा दांडीच्या मागे, मधोमध आणला. बोट थोडं कडेवर कलवलं. मग त्यांनी गिटार हातात घेतली आणि सांगितलं की तारा दांडीपासून फार उंच आहेत, मोठ्या माणसालाही दाबायला जड जातील. दुकानात नेऊन तारा खाली करून घेतल्या. चार दिवसांनी, जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, एफ वाजली. सहाही तारा नव्हे, पण पाच तरी बोलल्या. ती धावत स्वयंपाकघरात सांगायला आली.

यात धारच्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. हिशेब साधा आहे. बारा मुलं आणि एक तास, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं. तेवढ्यात कुणाकुणाचा अंगठा पाहणार? आणि आमच्या शिक्षकांचाही दोष नाही. त्यांनी आम्हाला हात दिला. पण कुणाबरोबर वाजवायचं आणि ताल न सोडता सम कशी गाठायची, हे त्या खोलीत शिकायला तिसरं माणूसच नव्हतं.

म्हणून आम्ही अदलाबदल केली. नातीला वर्ग चालू ठेवून महिन्यातून दोनदा एकटीची अर्ध्या तासाची शिकवणी लावली. आणि आम्ही दोघं देवासला मुलांच्या वर्गात जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, कुणाला तरी घ्यायला आलेत. तीन महिने फजिती झाली. पण चुकल्यावर न थांबता पुढची सम धरायची, हे त्या पोरांनीच आम्हाला शिकवलं.

आपल्या गावासाठी हा वाद नवा नाही. पूर्वी विद्या एकाच गुरूच्या पायाशी बसून मिळायची. देवासचे उस्ताद रजब अली खाँ वडिलांकडे गाणं शिकले आणि बंदे अली खाँसाहेबांकडे बीन. 1901 साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1918 साली भातखंड्यांच्या पुढाकाराने ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, तेव्हाही लोक विचारत होते, वर्गात बसवून कुणी गवई होतो का?

त्याचं उत्तर पुढे याच देवासमध्ये राहायला आलं. कुमार गंधर्व लहानपणीच मैफली गाजवत होते. तरी वडिलांनी त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत घातलं. देवधर पलुस्करांचे शिष्य, आणि त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. कुमारजी त्या शाळेत शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले, आणि अंजनीबाई मालपेकरांकडेही त्यांनी तालीम घेतली. म्हणजे शाळाही आणि समोरासमोरची तालीमही. 1948च्या जानेवारीत क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत बाहेरून ऐकू येणारी माळव्याची लोकगीतं त्यांनी कान देऊन ऐकली. ती गाणाऱ्या बायका कुठल्या वर्गात गेल्या नव्हत्या, पण एकत्र गात होत्या. आम्ही कुठे आणि कुमारजी कुठे, हे आम्हाला कळतं. पण रस्ता लहान-मोठ्यांसाठी तोच दिसतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. बुधवारचा हॉल द्यावा. वर्गात आठापेक्षा जास्त मुलं घेऊ नयेत. आणि शिक्षकांशी असं ठरवावं की महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला वीस मिनिटं एकट्याने बसवायचं. ज्यांना स्वतंत्र शिकवणी परवडत नाही, त्या घरातल्या मुलांसाठी हे विशेष गरजेचं आहे. हॉलचं भाडं घेऊ नये, त्याच्या बदल्यात ही वीस मिनिटं मागावीत. शिवाय पेटी-तबल्याच्या चारही मुलांना महिन्याच्या शेवटच्या बुधवारी याच वर्गात बोलवावं. तबल्यावर ठेका असला तर गिटारवाल्यांचाच फायदा आहे, आणि चाराची बारा झाली की तबलेवाल्यांनाही हुरूप येईल.

पालकांना एक विनंती. गिटार आणताना तारा किती उंच आहेत हे जाणकाराकडून पाहून घ्या. आणि मूल "सोडतो" म्हणालं तर लगेच रागावू नका, लगेच होही म्हणू नका. आधी त्याचा हात बघायला सांगा. आमच्या नातीचा प्रश्न आवडीचा नव्हताच, अंगठ्याचा होता.

आज रात्रीच्या आरतीला सात मुलं गिटार वाजवणार आहेत. नात धारहून आली आहे, आम्ही दोघं मागच्या रांगेत आहोत. कुठे चुकलो तर टाळ्या थांबवू नका. ठेका चालू ठेवा, आम्ही येऊन मिळतो.

गणपती बाप्पा मोरया!